पाहुणा आणि खांब

भिंग्याने सगळ्यांना सांगून टाकलं, ही पहिली चूक. खरं तर ती तिसरी चूक होती, पण पहिल्या दोन त्याला तेव्हा माहीत नव्हत्या.

सांगितलं काय, तर सुपरनोव्हाला नाडी असते.

झालं असं. लांबच्या एका दीर्घिकेत, म्हणजे ताऱ्यांच्या दुसऱ्या गावात, एक तारा फुटला. त्यालाच सुपरनोव्हा म्हणतात. फुटलेला तारा झपाट्याने उजळतो, दोन-तीन आठवड्यांत शिखर गाठतो आणि मग हळूहळू विझत जातो. सगळे असेच विझतात, मुकाट्याने. भिंग्याचा मात्र विझता विझता दर नऊ दिवसांनी जरासा परत उजळत होता. जरासा म्हणजे नुसत्या डोळ्याला कळणारही नाही इतका. पण आलेखात उंचवटे ठळक दिसत होते, उंटांची रांग बसल्यासारखे. भिंग्याने तो आलेख छापून घेतला. आईला दाखवला, ताईला दाखवला, दुकानाच्या मालकांना दाखवला, चष्म्याच्या काचा बदलायला आलेल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनाही दाखवला. पोस्टमास्तरांचा चष्मा त्या वेळी भिंग्याच्याच हातात होता. ते कागद डोळ्यांपासून लांब धरून म्हणाले, "छान उतार आहे."

"उतार नाही काका, उंचवटे बघा."

"हो हो," पोस्टमास्तर म्हणाले. "चष्मा कधी मिळेल?"

भिंग्या चष्म्याच्या दुकानात कामाला होता. काचा फ्रेमच्या मापाला घासायच्या, कडा गोल करायच्या, बसवायच्या. कॉलेज दुसऱ्या वर्षी सुटलं. आपण सोडलं असं तो सांगायचा, आणि कॉलेज त्याबद्दल काही बोलत नव्हतं. आकाशाचं जे काही शिकला ते एका पातळ पुस्तिकेतून आणि चुकांमधून. चुकांमधून जास्त.

दुकानात एक नियम होता. काच चुकली, गिऱ्हाइकाचं डोकं दुखायला लागलं, तर ज्याने काच घासली त्यानेच फोन करायचा. मालक म्हणायचे, "मी फोन केला तर चूक दुकानाची होते. तू केलास की तुझ्याकडेच राहते, आणि तुझ्याकडे राहिली की परत होत नाही." हा सिद्धांत भिंग्याच्या बाबतीत लागू पडला नव्हता. चार वर्षांत त्याने असे चौदा फोन केले होते.

रात्री जेवण झालं की तो गच्चीवर जायचा. दुर्बीण जुनी, कोणीतरी वैतागून विकलेली. तिला कॅमेरा जोडलेला. फुटलेल्या ताऱ्याला त्याने नाव ठेवलं होतं पाहुणा, कारण तो न सांगता आला होता आणि जाणार हे नक्की होतं. पण नुसता पाहुण्याचा फोटो काढून उपयोग नसतो. आकाश रोज सारखं नसतं, कधी धूळ, कधी ओल. म्हणून त्याच फोटोतला एक शेजारचा तारा घ्यायचा, ज्याचा उजेड ठाम आहे असा, आणि पाहुणा त्याच्यापेक्षा किती कमी, किती जास्त ते मोजायचं. भिंग्याने जवळचाच एक ठसठशीत तारा निवडला आणि त्याचं नाव ठेवलं खांब.

पुस्तिकेच्या पान चौदावर लिहिलं होतं, पडताळ्यासाठी तुलनेचा आणखी एक तारा घ्यावा, शक्यतो दोन. भिंग्याने त्या ओळीशेजारी पेनने लिहिलं, 'कशाला?'

ही खरी पहिली चूक.

दुसरी अशी की त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती. रोजचे शेपन्नास फोटो, एकेक हा एवढा अगडबंब. मग त्याने डोकं चालवलं. डोकं चालवलं की भिंग्याचं नुकसान होतं, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं. त्याने प्रत्येक फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा कापला, पाहुणा आणि खांब दोघेच राहतील असा, आणि बाकीचं आकाश पुसून टाकलं. केवढी जागा मोकळी झाली, हेही त्याने सगळ्यांना सांगितलं.

आठवड्यात एखाददुसरी रात्र मात्र तो वर्णपट घ्यायचा. बारीक बारीक रेघा मारलेली एक काच मिळते, ती कॅमेऱ्यापुढे धरली की ताऱ्याचा उजेड फाकतो आणि ठिपक्याच्या बाजूला रंगांची लांब पट्टी उमटते. काच धरायला त्याने दुकानातली नंबर तपासायच्या फ्रेमची एक कडी ढापली होती. पाहुण्याच्या पट्टीत तांबड्या रंगात एक काळा खड्डा होता. तो सिलिकॉनचा. आठवड्यागणिक तो बुजत चालला आणि हिरव्या-निळ्याकडे लोखंडाचे रुंद खाचखळगे दिसायला लागले. आईला यातलं एवढंच आवडायचं.

"बुजला का रे खड्डा?" ती विचारायची.

"अर्धा बुजला."

"बघ, नगरपालिकेपेक्षा लवकर."

तर त्रेसष्ट रात्री झाल्या, सात उंट झाले, आणि भिंग्याने वेधशाळेतल्या एका मॅडमना आलेख पाठवला. त्या याच सुपरनोव्हावर काम करत होत्या. उत्तर येणार नाही याची त्याला खात्री होती, कारण आजवर कोणाचंच आलं नव्हतं. चौथ्या दिवशी आलं. मॅडमनी लिहिलं होतं की हे उंचवटे त्यांच्या मोजणीत नाहीत, पण त्यांची मोजणी तुटक आहे, मधेमधे ढग, मधेमधे दुर्बीण दुसऱ्यांकडे. एवढ्या सलग रात्री कोणाकडेच नाहीत. गुरुवारी त्यांच्या गटाची बैठक आहे, तिथे त्या हा आलेख भिंग्याच्या नावानिशी दाखवणार, जमलं तर त्यानेही यावं. आणि शेवटी एक ओळ. वेधशाळेत निरीक्षण सहायकाची जागा निघते आहे, पदवीची अट नाही, मी तुमचं नाव पहिलं टाकलं आहे.

ती शेवटची ओळ भिंग्याने इतक्यांदा वाचली की ती त्याला डोळे मिटूनही दिसायला लागली. रोज रात्री मोठ्या दुर्बिणीपाशी बसायचं आणि त्याचा पगार मिळणार. काचेची भुकटी नाही, चौदा फोन नाहीत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, भिंग्याने तर दोन्ही गुडघ्यांना बांधलं. मालकांकडे गुरुवारची सुट्टी मागितली, कशाला ते न विचारताच सांगितलं. आईने फिक्या निळ्या रंगाचा शर्ट आणला आणि कपाटाच्या दाराला लटकवून ठेवला. "वेधशाळेत काय भुकटीचा शर्ट घालून जाणार?"

सोमवारी रात्री जेवताना ताई म्हणाली, "आज आमच्याकडे गोंधळ."

ताई इस्पितळात रक्त तपासायची. तिच्याकडे रोज गोंधळ असायचा, पण ती सांगायची निवडक.

"आठवडाभर सगळ्या वॉर्डाची साखर वाढलेली. डॉक्टर हैराण, पेशंट म्हणतायत आम्ही काही खाल्लंच नाही. शेवटी आज कळलं. आम्ही रोज मशीन कशावर लावतो? एक बाटली असते, तिच्यात साखर किती ते आधीच ठरलेलं. ती बाटलीच उतरलेली निघाली. फ्रिजच्या दारात ठेवली होती कोण्या शहाण्याने. मशीनला सांगितलं ही शंभर, आणि ती होती नव्वद. मग सगळेच वाढले."

"मशीन बिचारं खरंच बोलत होतं," आई म्हणाली.

"तेच ना. बाटली खोटी." ताईने भिंग्याकडे बघितलं. "तुझी बाटली कोणती रे?"

"माझी कसली बाटली?"

"पाहुण्याला कशावर लावतोस?"

"खांबावर."

"आणि खांबाला कोणी तपासलं?"

भिंग्या हसला. थोरल्या बहिणीला न कळणाऱ्या गोष्टी समजावून सांगताना तो नेहमी जसा हसायचा तसा. "ताई, तारा आहे तो. लाखो वर्षं एका जागी उभा आहे."

"पाहुणापण उभाच होता ना," ताई म्हणाली, "फुटेपर्यंत?"

आईने त्याच्या ताटात वाढायला हात पुढे केला, तर भिंग्या नको म्हणाला. असं घरात फार वेळा झालं नव्हतं. आईने आधी त्याच्याकडे आणि मग ताईकडे बघितलं. ताई पाणी प्यायली.

मंगळवारी सकाळी त्याने मालकांना कळवलं की पोट बिघडलंय. कॉम्प्युटर लावला आणि त्रेसष्ट रात्रींची तिकिटं उघडली. प्रत्येकात दोन ठिपके. पाहुणा आणि खांब, खांब आणि पाहुणा. तिसरं कोणी नाही. लग्नाच्या फोटोतून सगळे वऱ्हाडी कापून नुसते नवरा-नवरी ठेवावेत आणि मग विचारावं, नवरा उंच आहे की नवरी बुटकी? सांगणार कोण? बाकीचं आकाश त्यानेच पुसलं होतं, आणि वर फुशारकी मारली होती.

मग त्याला वर्णपट आठवले.

वर्णपटाचे फोटो त्याने कापले नव्हते. पट्टी लांब, पार कडेपर्यंत जायची, कापणार कुठे? आणि त्या फोटोत प्रत्येक ताऱ्याची पट्टी असते, तसा प्रत्येकाचा ठिपकाही असतो. सगळे वऱ्हाडी हजर. अकरा रात्रींचे अकरा फोटो.

त्याने आणखी पाच तारे निवडले आणि मोजायला घेतलं. पाचही जण एकमेकांशी तंतोतंत जुळत होते, अकराच्या अकरा रात्री, शाळेच्या रांगेत उभे असल्यासारखे. सहावा खांब. तो डुलत होता. मंद झाला की त्याच्यापुढे पाहुणा उजळल्यासारखा वाटायचा, उजळला की पाहुणा खचल्यासारखा. त्या पाच जणांशी ताडून बघितलं तर पाहुणा गुपचूप, एका चालीत विझत होता. एकही उंट नाही.

नाडी होती. पण ती खांबाची.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचता येत नव्हतंच, आणि अंगणही खरोखर वाकडं होतं, आणि ते अंगण भिंग्याने स्वतः निवडलं होतं.

बैठक परवा. भिंग्याने विचार केला, आणि त्याचे विचार काही फार सरळ नव्हते. एक, मॅडमना काय कळणार आहे? त्यांच्याकडे सलग रात्री नाहीतच. दोन, आधी जागा मिळू दे, मग महिन्याभराने आपणच शोध लावल्यासारखं सांगू. तीन, अकराच फोटो आहेत, कदाचित तेच चुकले असतील. तिसरा विचार त्याला सगळ्यात आवडला. त्याने सगळं पुन्हा मोजलं. खांब पुन्हा डुलला.

दुपारी आई डोकावली. "पोट कसं आहे?"

"आहे."

"शर्टाची बटणं घट्ट करून ठेवलीत. नवीन शर्टाची पहिल्याच दिवशी निघतात." ती दारातच थांबली. "आणि शिवणाच्या वर्गात सगळ्या बायकांना सांगितलंय मी, तेवढं ते नाडीचं नीट एका वाक्यात सांग. परवा सांगताना माझी गडबड झाली."

शर्ट कपाटाला लटकून होता, भिंग्यापेक्षा ताठ. काच कोणी घासली, हा प्रश्न काही कोणी विचारला नाही, पण त्याला ऐकू आला. मॅडमच्या उत्तराखाली त्यांचा नंबर होता. बोटं सवयीने फोनकडे गेली. निदान या एका कामाचा त्याला दांडगा अनुभव होता.

"मॅडम, तो उंचवटा माझा आहे."

"कोण बोलतंय?"

त्याने सांगितलं कोण. मग म्हणाला, "म्हणजे पाहुण्याचा नाही. सुपरनोव्हाचा. मी ज्याच्याशी तुलना केली तो ताराच कमी-जास्त होतोय, दर नऊ दिवसांनी. सुपरनोव्हा एकदम नॉर्मल आहे. सॉरी."

पलीकडे खुर्ची करकरली. "पडताळ्याचा तारा घेतला नव्हता?"

"नाही."

"का?"

"पुस्तिकेत पान चौदावर लिहिलं होतं. मी शेजारी 'कशाला' असं लिहिलं."

"पेन्सिलने?"

"पेनने."

पलीकडून हसू दाबल्यासारखा आवाज आला. मग मॅडमनी फोन लांब धरला असावा.

"मूळ फोटोंवरून नव्याने मोजता येईल," त्या म्हणाल्या.

"मूळ फोटो मी कापले. जागा होत नव्हती. दोघेच ठेवले."

"त्रेसष्ट रात्रींचे?"

"हो. वर्णपट तेवढे अख्खे आहेत. अकरा."

"अकराच्या तारखा सांगा." त्याने सांगितल्या. पलीकडे काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला. "पाठवा ते. आजच. आणि ती तिकिटंही पाठवा."

"त्यांचा काय उपयोग?"

"पाठवा." कागद उलटल्याचा आवाज आला. "गुरुवारी तो आलेख मी दाखवणार नाही, हे तुम्हाला कळलंच असेल. आणि त्या जागेचं. तुमचं नाव मी पहिलं टाकलं होतं ते उंचवट्यांमुळे."

"हो."

"उंचवटे गेले."

"हो मॅडम."

"तेव्हा आता बाकीच्यांसारखे मुलाखतीला या. पुढच्या महिन्यात आहे."

फोन ठेवल्यावर मोकळं वाटेल असं भिंग्याला वाटलं होतं. गोष्टींमध्ये वाटतं. त्याला नुसती भूक लागली.

आईला त्याने एका वाक्यात सांगितलं, तिला हवं होतं तसंच. "नाडी पाहुण्याची नव्हती, शेजाऱ्याची होती, आणि चूक माझी." आईने कपाटाकडे बघितलं. "मग शर्ट परत करू?"

"नको. मुलाखत आहे."

"बरं," ती म्हणाली. "वर्गात मी शेजाऱ्याचं सांगते. ते जास्त लवकर कळेल त्यांना."

मॅडमचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. अकरा वर्णपटांतले दोन त्यांना हवेच होते, कारण खड्डा बुजत असताना मधले दहा दिवस त्यांच्याकडे ढग होते. ते दोन लेखात जातील, खाली बारीक अक्षरात भिंग्याचं नाव येईल. तिकिटांचं मात्र त्यांनी उलटंच केलं होतं. पाहुण्याचा उजेड आता त्यांच्या मोजणीवरून पक्का माहीत होता. मग पाहुण्यालाच खांब धरायचं, आणि खांबाला मोजायचं. त्रेसष्ट रात्रींचा एक सुरेख आलेख त्यातून निघाला होता. खांबावर मोठमोठे डाग असावेत आणि तो नऊ दिवसांत स्वतःभोवती फिरत असावा, असं मॅडमचं म्हणणं. तो कमी-जास्त होतो याची आजवर कुठे नोंद नव्हती. आता होईल. त्रेसष्ट रात्री त्या ताऱ्याकडे जगात कोणी बघितलं नव्हतं. भिंग्यानेही नाही, तो दुसरीकडे बघत होता.

मुलाखत झाली. शर्टाचं एकही बटण निघालं नाही. तुलनेचे तारे किती घ्यावेत असा प्रश्न आला, त्यावर भिंग्या इतका बोलला की शेवटी समोरच्यांपैकी एकाने घड्याळ वर करून दाखवलं. यादीत तो दुसरा आला. पहिल्याने नाही म्हटलं असतं तर जागा त्याची होती. पहिल्याने हो म्हटलं.

ताई एकदा गच्चीवर आली तेव्हा त्याने पाच तारे लावले होते आणि नवीन डिस्क आणली होती, त्यात फोटो अख्खेच्या अख्खे जात होते. पाहुणा आता त्याच्या दुर्बिणीला दिसेनासा झाला होता. भिंग्या आता खांबावरच नजर लावून बसला होता.

"आणि या पाच जणांना कोणी तपासलं?" ताईने विचारलं.

"ते एकमेकांना तपासतात."

"पाचही मिळून डुलले तर?"

"ताई, खाली जा."

ती गेली नाही. पायरीवर बसली आणि त्याच्या वहीतल्या तारखा तपासायला लागली. दोन चुकलेल्या निघाल्या.

त्या आठवड्यात पोस्टमास्तर दुकानात आले. नव्या चष्म्याची काडी सैल झाली होती. भिंग्या स्क्रू पिळत होता तेवढ्यात त्याला आठवलं की यांनाही आपण सांगून ठेवलंय. यादीतले हे शेवटचे राहिले होते. त्याने चष्मा त्यांच्या नाकावर चढवला, ड्रॉवरमधून पाहुण्याचा नवा आलेख काढला आणि समोर धरला.

"काका, मागे मी एक दाखवलं होतं ना, ते चुकलं होतं. बरोबर हे आहे."

पोस्टमास्तरांनी कागद नीट न्याहाळला. जवळून, लांबून, काचेच्या वरच्या भागातून, खालच्या भागातून.

"हे तेच आहे की," ते म्हणाले.

"नाही हो. त्यात उंचवटे होते."

"असतील," पोस्टमास्तर म्हणाले. "मला तेव्हाही उतारच दिसला होता."

मालक आतून खोकले. भिंग्याने कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवला आणि काडीचा स्क्रू आणखी अर्धा फेरा पिळला. तो तुटला.